बाबांच्या नावावरचा धंदा

सोळाव्या वर्षी वेब होस्टिंगचा धंदा करून फायदा काढता येतो का, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. विचारणारे बहुधा आईबाप असतात. मी नागपुरात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी हा प्रश्न माझ्याच खात्यातला. पोर शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं आणि मी ‘हो’ म्हणावं म्हणून त्यानं देव पाण्यात घातलेले असतात. मी म्हणते, होतो फायदा, मला झाला होता. मग चहाचं विचारते. पुढचं सांगायला मला आजवर जमलेलं नाही.

आमचं बालपण भंडाऱ्याजवळ जवाहरनगरात, दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा फॅक्टरीत कामगार. मूळचे लाखांदूरकडच्या एका खेड्यातले, तलावाखाली धान पिकवणाऱ्या घरातले. धानाच्या बांध्या बाबांचे भाऊ करायचे, बाबा नोकरीवर आले. पण त्यांच्या बोलण्यातून शेत काही गेलं नाही. टीव्हीवर शेअर बाजार पडल्याची बातमी लागली तरी ते विचारायचे, ‘म्हनजे पानी नेमकं कुठून फुटलं?’

दहावीच्या सुट्टीत मी इंटरनेटवर एका परदेशी चर्चामंचावर जाऊन बसायला लागले. तिथं माझ्या वयाची मुलं होस्टिंग विकत होती आणि आपल्या कमाईचे आकडे मिशीला पीळ दिल्यासारखे मिरवत होती. धंदा सोपा होता. कुठलीही वेबसाइट कुठल्यातरी सदासर्वकाळ चालू असलेल्या कॉम्प्युटरवर राहते. मोठ्या कंपनीकडून अशा कॉम्प्युटरवरची थोडी जागा महिन्याच्या भाड्यानं घ्यायची, तिचे तुकडे करायचे आणि आपलं नाव लावून ते पुढे भाड्यानं द्यायचे. थोडक्यात पोटभाडेकरू ठेवायचे. आमच्या कॉलनीत क्वार्टर पोटभाड्यानं दिलं तर कारवाई होते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या कॉलनीत बसून मी हाच धंदा निवडला, आणि यात काही विनोद आहे हे मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही.

नोंदणी करताना पहिल्याच पानावर विचारलं होतं, वय अठरा पूर्ण आहे का? नव्हतं. मी बाबांना विचारलं, तुमच्या नावानं खातं काढू का? बाबा दाढी करत होते. ‘कायचं खातं?’ मी सांगितलं. त्यांना निम्मं कळलं असेल. ‘अभ्यास बुडाला नाही पाहिजे,’ म्हणाले आणि पॅन कार्ड कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं. बँकेचं कार्ड त्यांचं, फोन नंबर त्यांचा, जन्मतारीख त्यांची. एका कागदावर सही लागत होती, तीही त्यांनी ओल्या हातानं केली. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, ती बायजी मी. वेबसाइटच्या तळाशी मी थाटात लिहिलं: ‘मुख्य कार्यालय’, आणि खाली आमच्या क्वार्टरचा नंबर. दुय्यम कार्यालय कुठंच नव्हतं.

आणि धंदा चालला. कारध्याचा एक फोटोग्राफर, भंडाऱ्यातले दोन ट्यूशन क्लास, एक राइस मिल, विज्ञानावर लिहिणारे एक निवृत्त मास्तर. सहा गिऱ्हाइकांत वरच्या कंपनीचं भाडं निघायचं, सातव्यापासून आपलं. अकरावी संपेपर्यंत एकोणीस झाली होती. कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या, ‘तुमची पोरगी कंपनी चालवते म्हणे?’ आई लाजून ‘हो ना जी’ म्हणायची, आणि मी आतल्या खोलीत मुद्दाम जोरात टाइप करायचे.

मी सगळ्यांना ‘अमर्याद’ होस्टिंग विकत होते. तसंच विकायची रीत होती. एकदा बाबांनी जेवताना विचारलं.

‘तुयापाशी जागा किती हाये?’

मी सांगितलं. एका वेळी किती लोकांना पान उघडता येईल, यालाही वरून हद्द घातलेली आहे, तेही सांगितलं.

‘मंग अमर्याद काहून म्हनून राहिली?’

‘सगळे एकाच टायमाले थोडीच येतात, बाबा. सगळेच होस्टिंगवाले असंच करतात.’

बाबांनी भात कालवला. ‘आमच्या तलावावर बी सालभर कोनी भांडत नाही. धानाचं रोवनं लागलं का सगळ्यायले एकाच दिवशी पानी पाहिजे.’

मी हसले. आईनंही हसून त्यांना भाजी वाढली.

बारावीच्या वर्षी आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं काम मिळालं. मिळालं कसलं, मी मागून घेतलं. मंडळाचे सचिव बाबांच्याच सेक्शनमध्ये होते. फॅक्टरीच्या बसमध्ये दोघं रोज एका सीटवर बसायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. दर वर्षी मेळाव्यासाठी पुस्तिका छापायचे: मुला-मुलींचे फोटो, शिक्षण, उंची, मामाकुळ, आणि प्रत्येकाला क्रमांक. मेळाव्यात निवेदक क्रमांक पुकारतो, तो मुलगा किंवा मुलगी मंचावर येऊन दोन वाक्यं बोलते आणि खाली बसलेले सगळे पुस्तिकेत तो क्रमांक काढून पेनानं खूण करतात. मंचाकडे फारसं कोणी बघत नाही. सगळा न्यायनिवाडा पुस्तिकेत चालतो.

आदल्या वर्षी एका मुलाच्या उंचीच्या जागी त्याचं वजन छापलं गेलं होतं आणि त्यावरून बरीच शोभा झाली होती. मी काकांना म्हटलं, पुस्तिका कशाला? सगळं साइटवर टाकू. हॉलच्या खांबाखांबावर क्यूआर कोड चिकटवू, लोक मोबाइलवर बघतील. चूक झाली तर तिथल्या तिथं दुरुस्त.

काकांनी कान खाजवला. ‘बेटा, ऐन टायमावर बंद तं नाही पडन?’

‘काका, अमर्याद आहे.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा म्हणाले, ‘पोरीले समजते त्यातलं.’ काकांनी छापखान्याला ‘यंदा नको’ म्हणून कळवलं. बाबांना पाण्याचा प्रश्न पडला होता तो त्यांनी त्या दिवशी बोलून दाखवला नाही. माझ्यावरच्या विश्वासापायी गिळून टाकला असावा.

मेळावा रविवारी, भंडाऱ्यात. मी सकाळी आठलाच हॉलवर. नवा ड्रेस, गळ्यात कार्यकर्त्याचा बिल्ला. एसटीनं माणसं उतरत होती. पवनीकडची, तुमसरकडची, लाखांदूरकडची. म्हातारी माणसं कोडसमोर फोन धरून उभी, आणि मी एकेकाला शिकवत होते. एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी एम.ए. झालेली, तिशीकडे झुकलेली, तिचा क्रमांक एकतीस. बाईंजवळ साधा फोन होता. ‘आमाले नाही दिसलं तरी चालते,’ त्या म्हणाल्या, ‘लोकायले दिसलं म्हनजे झालं.’ मी म्हटलं, सगळ्यांना दिसेल, काकू.

साडेअकराला निवेदकानं ‘क्रमांक एक’ पुकारला. दोन, तीन नीट गेले. चार पुकारला आणि माझ्या शेजारचे एक गृहस्थ फोन हलवायला लागले. मग पुढच्या रांगेतले. मग सगळा हॉल. सगळे एकाच क्षणी एकच पान उघडत होते. एरवी त्या साइटवर दिवसाला चार माणसं यायची. आता सहाशे बसली होती आणि निवेदक म्हणेल तेव्हा सहाशेजण एकदम बोट दाबत होते. माझ्या फोनवर इंग्रजीत एक ओळ आली: हद्द संपली.

मला उपाय माहीत होता. वरच्या कंपनीचा मोठा प्लॅन घ्यायचा, पाच मिनिटांत हद्द वाढते. मी मागच्या खोलीत पळाले. कार्डाचा नंबर मला पाठ होता. सगळं भरलं, आणि पडद्यावर आलं की खातेदाराच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

खातेदार त्या रविवारी ड्युटीवर होते. आणि फॅक्टरीत फोन आत नेता येत नाही. सगळ्यांचे फोन गेटवर जमा होतात. बाबांचा फोन तिथल्या एका खणात पडलेला होता, आणि माझा धंदा वाचवणारे सहा आकडे त्या खणात येऊन पडत होते. जुने बाद होत होते, मी नवे मागवत होते.

मी आईला फोन केला. आई साडीवर शाल ओढून गेटपर्यंत धावत गेली. तिथल्या माणसानं सांगितलं, दुसऱ्याचा फोन देता येत नाही. बरोबरच होतं त्याचं. मग तो म्हणाला, घरी कोणाची तब्येत वगैरे असेल तर सांगा, आत निरोप देतो, ते येतील. आईनं मला फोनवर विचारलं, ‘काय सांगू?’ मी म्हटलं, सांग कोणीतरी आजारी आहे. ती म्हणाली, ‘असं नाही सांगत मी,’ आणि परत गेली.

मला तिचा इतका राग आला की मी खोलीतल्या खुर्चीला लाथ मारली.

हॉलमध्ये निवेदक रेटत होता. मुलं-मुली मंचावर येऊन नाव आणि गाव सांगत होती, खाली लोक फोन खाली-वर करत होते. काका मधल्या वाटेत हात जोडून फिरत होते, ‘दोन मिनिट, फक्त दोन मिनिट.’ कोणीतरी मागून ओरडलं, ‘सचिवसाहेब, पुस्तिकेचे पैसे वाचवले का जी?’ लोक हसले. काकाही हसले. ते हसू बघून मी खांबाआड झाले.

एकतीस पुकारला तेव्हा निम्मा हॉल जेवणाकडे वळला होता. ती मुलगी मंचावर गेली, नाव, गाव, शिक्षण बोलली. आवाज स्पष्ट होता. कोणी लिहून घेतलं नाही, कारण लिहून घ्यायची कोणाला सवय नव्हती. तिची आई मला शोधत आली. रागावलेली नव्हती. तिनं फक्त विचारलं, ‘बाई, आता आमची पोरगी कोनाले दिसन?’

बाबा सुटले तेव्हा हॉलमधल्या खुर्च्या एकावर एक चढत होत्या. त्यांनी गेटवरूनच मला शेवटचा ओटीपी पाठवला. सोबत लिहिलं होतं, ‘हा पाहिजे का?’

पुढच्या वर्षी सचिव दुसरे होते. बसमध्ये काका पुढच्या सीटवर बसायला लागले, हे बाबांनी नाही, आईनं सांगितलं.

इथंच संपलं असतं तर मी आज हा किस्सा म्हणून सांगितला असता. पण तीनेक आठवड्यांनी बाबांना ऑफिसातून बोलावणं आलं. त्यांच्याविरुद्ध निनावी अर्ज आला होता. सदर कर्मचारी सरकारी क्वार्टरमधून खासगी व्यवसाय करतो. सोबत पुरावे: होस्टिंगच्या बिलावर बाबांचं नाव, आणि माझ्या साइटचा छापील कागद. त्यावर ‘मुख्य कार्यालय’ हे शब्द कोणीतरी लाल पेनानं अधोरेखित केले होते. बाबांना पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता.

त्याच महिन्यात प्रमोशनची यादी निघणार होती. बाबा चार्जमन होणार, हे वर्षभर घरात धरून चाललेलं होतं. आईनं त्यासाठी बोललेला नवसही मला माहीत होता. चौकशी सुरू असली की नाव यादीतून बाजूला काढतात, हेही सगळ्यांना माहीत होतं.

गंमत म्हणजे वाट साधी होती. घरातलं कोणी धंदा करत असेल तर नोकरदारानं ऑफिसला एक पानी माहिती द्यायची, एवढाच नियम. मी अठरा वर्षांची असते आणि खातं माझ्या नावावर असतं, तर ते एक पान पुरलं असतं. पण सोळा वर्षांच्या पोरीचा धंदा तिचा नसतोच. कागदावर तो बापाचा असतो. त्या परदेशी चर्चामंचावर हजारो सल्ले होते. हा एक कोणी दिला नव्हता, आणि मीही शोधला नव्हता.

एका संध्याकाळी कामगार संघटनेतले एक गृहस्थ घरी आले. असले खुलासे लिहिण्यात मुरलेले. बाहेरच्या खोलीत बसले, अर्ज वाचला, चष्मा काढला.

‘सोपं हाये,’ ते बाबांना म्हणाले. ‘लिहा का पोरीनं माझ्या परस्पर माझे कागद वापरले. मले कल्पना नोहती. समजलं तसं मी बंद केलं. पोरगी नाबालिग हाये, तिले कोन काय करते? तुम्ही सुटता. प्रमोशन बी नाही अडकत.’

मी चहा घेऊन दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. कठोर नाही, मवाळ नाही. भाव विचारावा तसं विचारलं.

‘लिवू का असं?’

मी त्या वेळी काय काय विचार केला ते मला लख्ख आठवतं. इंजिनिअरिंगला जायचं होतं. पुढं एखाद्या नोकरीत पोलीस पडताळणी होईल, त्यात हे निघेल. बापाचे कागद चोरून वापरणारी मुलगी, असं फाइलीत कायमचं राहील. कॉलनीत तर दुसऱ्या दिवशीच होईल. आणि हेही आठवतं की ‘लिहा’ हा शब्द दोन अक्षरांचा आहे आणि तो माझ्या तोंडात आलेला होता. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि आत गेले.

आतून मला बाबांचा आवाज आला. ‘राहू द्या जी. सही मी केली होती.’

त्यांनी लिहिलं की खातं त्यांचं आहे, त्यांच्या संमतीनं उघडलं, नियम ठाऊक नव्हता, तो ठाऊक असायला हवा होता, आणि ते सगळं बंद करत आहेत. कागद मीच टाइप करून दिला. त्यात माझा उल्लेख एकदाही नव्हता. लेखी ताकीद मिळाली. यादीत त्यांचं नाव आलं नाही, त्यांच्याहून पाच वर्षं धाकट्या माणसाचं आलं. पुढच्या वेळीही जुनी ताकीद आडवी आली. बाबा जसे होते तसेच निवृत्त झाले.

उरलेल्या एकोणीस गिऱ्हाइकांना मी दुसरीकडे हलवलं. सगळ्यांच्या साइट शाबूत पोहोचल्या, याचा मला त्या वयात अभिमानही वाटला, माझंच मला नवल. अर्ज कोणी केला असेल याची मी वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती. वर सचिवकाकांचं नाव. बाबांना दाखवली तर त्यांनी पान फाडून चुरगळलं. ‘त्यात एक बी शब्द खोटा नोहता,’ ते म्हणाले. ‘मंग कोनं लिवलं ते कायले पाहाचं?’

त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. मी शिकले, नोकरीला लागले. माझी पडताळणी एका दिवसात झाली. नातेवाइकांत बाबांची गोष्ट सांगतात, बापानं पोरीसाठी काय केलं म्हणून, आणि सांगताना माझ्याकडे कौतुकानं बघतात. मला तिथून उठून जावंसं वाटतं.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. आता कारध्याला दोन खोल्यांचं घर आहे. दिवाळीला गेले होते तेव्हा ते अंगणात वालाच्या वेलाला काठी लावत होते, मी सुतळी धरली होती. इतक्या वर्षांनी मला कसं धाडस झालं कोण जाणे. मी म्हटलं, ‘बाबा, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, लिहू का. मी हो म्हणायला पाहिजे होतं.’

त्यांना लगेच कळलं. कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. काठीला गाठ मारून झाली, ती त्यांनी ओढून बघितली.

‘तू हो म्हनली असती तरी मी लिवलं नसतं,’ ते म्हणाले. ‘पन तू म्हनाले पाहिजे होतं.’